संशोधनाचा पैसा कोणत्या खात्यावर?

व्यापारी पेढीच्या जुन्या वह्यांत धर्मादाय खाते वेगळे असे. सौद्यामागे ठरलेली रक्कम त्या खात्यावर जमा होई आणि ती पेढीच्या नफ्यात कधी मिसळली जात नसे. दान दानाच्या जागी आणि व्यवहार व्यवहाराच्या जागी, ही शिस्त त्या वहीने पिढ्यान्‌पिढ्या शिकवली. आज अनेक कुटुंबांच्या पेढ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या झाल्या आहेत. नवी पिढी शिकून परतली आहे आणि विद्यापीठातील एखाद्या संशोधन प्रकल्पाचा खर्च कंपनीने उचलावा, असा विषय संचालकांच्या सभेत निघू लागला आहे. विचार उत्तम आहे. तो अमलात आणताना विचारायचा पहिला प्रश्न मात्र जुनाच आहे : ही रक्कम कोणत्या खात्यावर लिहायची? त्याचे उत्तर ठरले की विद्यापीठ कोणते, करार कसा, करसवलत किती आणि निष्कर्षावर हक्क कोणाचा, या पुढील प्रश्नांची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात.

लाहोरचा एक व्यवहार

आपल्या देशात असा व्यवहार नवा नाही. १९३०च्या दशकात अविभक्त पंजाबात, रावळपिंडीच्या परिसरात, अटक ऑइल कंपनी तेलविहिरी खोदत होती. 'अटकेपार' या शब्दामुळे मराठी माणसाला परिचित असलेले हेच ते अटक. खोदकामात वापरला जाणारा चिखल जमिनीतील खाऱ्या पाण्याशी संपर्क येताच घट्ट होई, पुढे दगडासारखा कठीण बने आणि काम ठप्प होई. कंपनीने लाहोर येथील पंजाब विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांना गाठले. हा प्रश्न यंत्राचा नसून चिखलातील सूक्ष्म कणांच्या वर्तनाचा आहे, हे भटनागरांनी ओळखले. एक देशी डिंक योग्य प्रमाणात मिसळताच चिखल पातळ राहू लागला आणि खाऱ्या पाण्यातही टिकू लागला.

कंपनीशी संबंधित असलेली लंडनची स्टील ब्रदर्स ही पेढी प्रसन्न झाली आणि पेट्रोलियमविषयक संशोधनासाठी तिने १,५०,००० रुपये देऊ केले. त्या काळच्या मानाने ही रक्कम फार मोठी होती. भटनागरांनी ती स्वतः न घेता विद्यापीठाकडे देण्यास सांगितले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पेट्रोलियम संशोधनाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. मेणाचा वास घालवणे, रॉकेलच्या दिव्याची ज्योत उंच करणे, तेल उद्योगातील टाकाऊ पदार्थ उपयोगात आणणे, अशा विषयांवर तेथे काम झाले. त्याचा व्यापारी उपयोग पाहून कंपनीने निधी वाढवला आणि पाच वर्षांची मुदत दहा वर्षांची केली. दिल्ली क्लॉथ मिल्स, कानपूरची जे. के. मिल्स, लायलपूरची गणेश फ्लोअर मिल्स, मुंबईची टाटा ऑइल मिल्स यांनीही आपापले प्रश्न घेऊन भटनागरांची प्रयोगशाळा गाठली. पुढे १९४२ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली तेव्हा तिची धुरा त्यांच्याकडेच आली. १९५० मध्ये पुण्यात सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ही त्याच परिषदेची संस्था होय.

या व्यवहारातील तीन गोष्टी आजही कित्त्यासारख्या आहेत. प्रश्न उद्योगाच्या अनुभवातून आला होता. पैसा व्यक्तीच्या हाती न जाता संस्थेच्या हिशेबात गेला. आणि उत्तर शोधण्यास वर्षांची मुदत दिली गेली, महिन्यांची नव्हे.

तीन खाती, तीन नियम

विद्यापीठाला द्यावयाचा पैसा तीन मार्गांनी देता येतो. बाहेरून ते सारखे दिसतात. कायदा आणि हिशेब यांच्या दृष्टीने ते अगदी भिन्न आहेत.

पहिले खाते दानाचे. एखाद्या कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ विद्यापीठात अध्यासन निर्माण करावे, प्रयोगशाळेस उपकरण द्यावे किंवा संशोधक विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती ठेवावी. नाव दात्याचे राहते. विषय, पद्धत आणि निष्कर्ष मात्र सर्वस्वी संस्थेचे. त्यातून पेढीला काही मिळावे ही अपेक्षा ठेवायची नाही. मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाला. तीच आजची माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, जुन्या लोकांच्या तोंडची यूडीसीटी. तिच्या जडणघडणीत उद्योजकांच्या देणग्यांचा वाटा मोठा आहे. त्या देणग्यांतून घडलेल्या विद्यार्थ्यांनी पुढे रंग, औषधे आणि रसायने यांचे कारखाने काढले. देणगीदारास थेट काही मिळाले नसेल, पण धंद्याला मनुष्यबळ मिळाले.

दुसरे खाते सीएसआरचे, म्हणजे कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्वाचे. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ नुसार लगतच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. यातली तिसरी अट अनेक कौटुंबिक कंपन्यांना लागू होते, हे ध्यानात असावे. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक या क्षेत्रांत संशोधन करणाऱ्या, सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांना, आयआयटींना आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांना दिलेल्या रकमेचा समावेश आहे. संशोधन एका वर्षात संपत नाही याचीही तरतूद आहे. प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केल्यास, सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो. वर्षाअखेर उरलेली त्याची रक्कम ३० दिवसांत बँकेतील स्वतंत्र खात्यात वर्ग करावी लागते.

या खात्याचे कुंपण पक्के आहे. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम सीएसआरमध्ये बसत नाही; मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्वही बसत नाही. सीएसआर प्रकल्पातून काही शिल्लक उरली तरी ती कंपनीचा नफा ठरत नाही. रंगाच्या कारखानदाराने स्वतःच्याच रंगाची प्रत सुधारण्याचे काम विद्यापीठाकडे देऊन तो खर्च सीएसआरमध्ये दाखवणे म्हणजे धर्मादाय खात्यातून दुकानाचे भाडे भरण्यासारखे आहे. नदीच्या पाण्यातील रंगद्रव्ये कमी खर्चात कशी काढावीत, या अभ्यासास तीच रक्कम दिली आणि निष्कर्ष सर्वांना खुले ठेवले, तर ती योग्य जागी गेली असे म्हणता येईल.

तिसरे खाते व्यवहाराचे. यालाच खऱ्या अर्थाने प्रायोजित संशोधन म्हणतात. येथे कंपनी आपला प्रश्न घेऊन जाते, खर्च उचलते आणि त्या बदल्यात निष्कर्षांवरील काही हक्क करारातून मिळवते. हा धंद्याचा खर्च आहे आणि तसाच तो लिहावा. त्यात कमीपणा काही नाही. लाहोरचा व्यवहार याच जातीचा होता.

करसवलतीविषयी अपेक्षा माफक ठेवाव्यात. आयकर कायदा १९६१च्या कलम ३५ खाली मान्यताप्राप्त विद्यापीठाला वैज्ञानिक संशोधनासाठी दिलेल्या रकमेवर एके काळी १७५ टक्के वजावट मिळे. १ एप्रिल २०१७ पासून ती १५० आणि १ एप्रिल २०२० पासून १०० टक्के झाली. ज्या कंपन्यांनी २२ टक्के दराचा पर्याय स्वीकारला आहे, त्यांना ही वजावटही मिळत नाही. सीएसआरची रक्कम तर व्यवसायखर्च म्हणून वजाच होत नाही. २०२५च्या नव्या आयकर कायद्याची जुन्याच्या जागी येण्याची तारीख १ एप्रिल २०२६ असल्याने तेव्हापासून कलमांचे क्रमांकही बदलतात. सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय धनादेश फाडू नये. पूर्वीच्या वाढीव वजावटीच्या लोभाने काहींनी संशोधनाच्या नावाने चालणाऱ्या पोकळ संस्थांना धनादेश दिले आणि दलाली कापून रोख रक्कम परत घेतली. अशा संस्थांची मान्यता मागील तारखेपासून रद्द झाली आणि देणगीदारांना वर्षानुवर्षे नोटिसांना तोंड द्यावे लागले. करात वाचलेला पैसा एवढेच ज्याचे प्रयोजन, त्या संशोधनापासून चार हात दूर राहणेच श्रेयस्कर.

प्रश्न नेमका हवा

व्यवहाराच्या खात्यातून संशोधन करावयाचे ठरले, तर सर्वांत अवघड काम पैशाचे नसून प्रश्न मांडण्याचे असते. उदाहरणादाखल लातूरच्या एखाद्या डाळमिल मालकाचा विचार करावा. तुरीची साल आणि दाणा यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो. तो सैल व्हावा म्हणून तुरीला तेल-पाणी लावून ती वाळवावी लागते. यात वेळ जातो, दाणा फुटतो आणि चुणी वाढते. "आमचा उतारा वाढवून द्या," असे म्हणत हा मालक विद्यापीठात गेला, तर प्राध्यापकाला काम कोठून सुरू करावे हे कळणार नाही. तीन हंगामांच्या नोंदी, तुरीचे वाण, मालातील ओलावा, वाळवणीचे तास, डाळ, चुणी आणि टरफल यांची वजने असा कागद त्याने समोर ठेवला आणि "कोणत्या ओलाव्यावर कोणत्या वाणाची फूट सर्वांत कमी होते?" असे विचारले, तर काम पहिल्या दिवसापासून मार्गी लागते. व्यापाऱ्याची वही हीच येथे संशोधनाची पहिली सामग्री ठरते.

संस्था निवडताना नावापेक्षा विषय पाहावा. वरील प्रश्नासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय जवळचे. फळे, पिके आणि साठवण यांसाठी राहुरी, अकोला आणि दापोली येथील कृषी विद्यापीठे आहेत. रंग, तेले आणि औषधी द्रव्यांसाठी माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. मोठ्या संस्थांत अशा कामासाठी वेगळे कार्यालय असते. मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक संशोधन आणि सल्ला केंद्र हे काम पाहते. ओळखीच्या प्राध्यापकाशी बोलणे जरूर सुरू करावे, पण पत्रव्यवहार, करार आणि पैसा संस्थेच्या कार्यालयामार्फतच व्हावा.

अंदाजपत्रक समजून घ्यावे. नेट किंवा गेट उत्तीर्ण कनिष्ठ संशोधन छात्राचे विद्यावेतन १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांसाठी एक छात्र घेतला तर केवळ विद्यावेतनाचे ८,८८,००० रुपये होतात. घरभाडे भत्ता वेगळा. त्यावर कच्चा माल, रसायने, चाचण्या, प्रवास, लागल्यास उपकरण आणि शेवटी संस्थेचा प्रशासकीय खर्च, ज्याला तेथे ओव्हरहेड म्हणतात. या शेवटच्या आकड्यावर व्यापारी हमखास घासाघीस करतात. वीज, जागा, ग्रंथालय, लेखापाल हे सर्व त्यातूनच भागते, हे लक्षात घेतले तर तो आकडा अवाजवी वाटत नाही. जीएसटी लागतो की नाही, हेही आधीच विचारावे. अधिसूचित विद्यापीठांनी अनुदानातून केलेल्या संशोधनास १० ऑक्टोबर २०२४ पासून सूट आहे. सल्ला किंवा चाचणी या सेवांवर मात्र १८ टक्के आकारणी होते.

करारात काय असावे

पैसा दिला म्हणजे शोध आपला झाला, ही समजूत चुकीची आहे. पेटंट कायद्यानुसार अर्ज करण्याचा मूळ हक्क शोध लावणाऱ्याचा किंवा त्याने ज्याला तो लिहून दिला त्याचा. म्हणून हक्क संस्थेचा, कंपनीचा की दोघांचा, कंपनीला वापराचा परवाना कोणत्या क्षेत्रात आणि किती वर्षे, स्वामित्वधन किती, हे सर्व काम सुरू होण्यापूर्वी लिहून घ्यावे. पैसे हप्त्याने द्यावेत. प्रत्येक हप्ता ठरलेल्या टप्प्याच्या अहवालाशी आणि उपयोगिता प्रमाणपत्राशी जोडावा. उपकरण प्रकल्प संपल्यावर कोणाचे, छात्र मध्येच नोकरी लागून गेला तर काय, पेढीने दिलेली गोपनीय माहिती कोणी पाहावी, या बाबीही कागदावर याव्यात.

सर्वांत नाजूक कलम प्रसिद्धीचे. विद्यार्थ्याला पदवीसाठी प्रबंध लिहावा लागतो, प्राध्यापकाला शोधनिबंध छापावे लागतात. कंपनीला मात्र स्पर्धकाच्या हाती काही पडू नये असे वाटते. यावर सर्वमान्य तोडगा आहे. निबंध छापण्याआधी ३० किंवा ६० दिवस कंपनीला दाखवावा. तेवढ्या अवधीत पेटंटचा तात्पुरता अर्ज दाखल करता येतो आणि संपूर्ण तपशिलाचा अर्ज करण्यास पुढे १२ महिने मिळतात. कंपनीची गोपनीय माहिती वगळण्याचा हक्क तिला असावा. निष्कर्ष दाबून ठेवण्याचा हक्क असू नये.

हा हक्क दिल्याने काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. फ्लिंट लॅबोरेटरीज ही कंपनी सिंथ्रॉइड हे थायरॉइडचे औषध विकत असे. ते इतर स्वस्त औषधांपेक्षा सरस आहे असे सिद्ध होईल, या अपेक्षेने १९८७ मध्ये तिने सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या औषधशास्त्रज्ञ बेटी डाँग यांना तुलनात्मक अभ्यासासाठी निधी दिला. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय निष्कर्ष छापायचे नाहीत, असे कलम करारात होते. १९९० मध्ये अभ्यास संपला आणि चारही औषधे सारखीच परिणामकारक असल्याचे दिसले. तोवर फ्लिंटला बूट्स या कंपनीने विकत घेतले होते. तिने अभ्यासात दोष काढण्यास प्रारंभ केला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने निबंध स्वीकारला होता. पण त्या कलमावर बोट ठेवून कंपनीने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. विद्यापीठ पाठीशी उभे राहिले नाही आणि जानेवारी १९९५ मध्ये, छापण्याच्या ऐन तोंडावर, डाँग यांना निबंध मागे घ्यावा लागला. प्रकरण वृत्तपत्रांत गाजले तेव्हा कंपनी नमली आणि एप्रिल १९९७ मध्ये निबंध छापून आला. तोवर रुग्ण वर्षानुवर्षे महाग औषध घेत राहिले होते. त्यांनी दावे लावले आणि कंपनीला तडजोडीची मोठी रक्कम मोजावी लागली.

त्या कंपनीने उत्तर आधी ठरवले होते. विद्यापीठाकडून तिला फक्त शिक्का हवा होता. विद्यापीठाच्या शब्दाला बाजारात जी किंमत आहे, ती तो शब्द विकत मिळत नाही म्हणूनच आहे. सराफाने स्वतःच्या दागिन्याला स्वतःच दिलेला शुद्धतेचा दाखला आणि तटस्थ केंद्रात तपासून उमटलेला हॉलमार्क, यांतील अंतर व्यापारी कुटुंबाला समजावून सांगण्याची गरज नाही.

एकट्याला न पेलणारे काम

दोन वर्षांचा प्रकल्प प्रत्येक पेढीला परवडेल असे नाही. त्यावरही जुना आणि यशस्वी उपाय आहे. १९४७ मध्ये अहमदाबादच्या गिरणीमालकांनी एकत्र येऊन कापड उद्योगासाठी संशोधन संस्था उभारली, तीच 'अतिरा'. जैन समाजाचे भूषण असलेले कस्तुरभाई लालभाई तिच्या पाठीशी होते आणि अवघे २८ वर्षांचे भौतिकशास्त्रज्ञ विक्रम साराभाई तिचे पहिले संचालक झाले. त्यांनी कापडाच्या गिरणीत कधी नोकरी केली नव्हती. गिरण्यांतील जुन्या तंत्रज्ञांना हा पोरखेळ वाटला असेल, तर नवल नाही. तरी बाजारात एकमेकांचे स्पर्धक असलेले मालक एका प्रयोगशाळेचा खर्च वाटून घेण्यास तयार झाले, ही खरी नवलाची गोष्ट. मुंबईच्या गिरणी उद्योगासाठी १९५४ मध्ये अशीच संस्था निघाली. ती घाटकोपरला आहे.

आज स्वतंत्र संस्था काढण्याचीही गरज नाही. व्यापारी संघटनेने सभासदांकडून वर्गणी काढून विद्यापीठाशी एकच करार करावा. मात्र विषय सामायिक हवा. सांगलीची हळद पूर्वी हरिपूरच्या पेवांत वर्षानुवर्षे राहत असे. आता ती बहुतांशी गोदामांत आणि शीतगृहांत जाते. तेथे तिला कीड कशी लागणार नाही, हा सगळ्या पेठेचा प्रश्न आहे. इचलकरंजीच्या रंगाईतील सांडपाण्याचा प्रश्नही तसाच. कोणा एकाच्या मालाला लाभ देणारा विषय संघटनेत भांडण लावील. सर्वांचे नुकसान थांबवणारा विषय सर्वांना बांधून ठेवील.

सही करण्यापूर्वी

प्रकल्पाचा मसुदा समोर आला म्हणजे कुटुंबातील सर्व भागीदारांनी एकत्र बसून चार प्रश्न विचारावेत. रक्कम दानाची, सीएसआरची की धंद्याची? आपला प्रश्न एका पानात, आकड्यांसह, लिहून झाला आहे का? पैसा संस्थेच्या खात्यात, हप्त्याने आणि हिशेबासह जाणार आहे ना? आणि चौथा प्रश्न, जो सहसा कोणी विचारत नाही : उत्तर आपल्या विरुद्ध गेले, तर ते छापले जाण्यास आपली तयारी आहे का? पहिल्या तीन प्रश्नांना वकील आणि लेखापाल मदत करतील. चौथ्याचे उत्तर घरातील वडीलधाऱ्यांनीच द्यायचे आहे. ते नकारार्थी असेल, तर रक्कम सरळ दानाच्या खात्यावर लिहावी आणि विद्यापीठाला तिचा विनियोग मोकळेपणाने करू द्यावा. त्यातही पुण्य आणि नाव दोन्ही आहे. उत्तर होकारार्थी असेल, तर ती पेढी संशोधनाला पैसा देण्यास खऱ्या अर्थाने पात्र आहे, असे समजून पुढे जावे.